हजार एकाची सुपारी

मामी माझ्या पाठीला हळद चोळत होती, तेवढ्यात परसाच्या भिंतीपलीकडे जीप येऊन थांबली.

भिंत मातीची, जेमतेम पुरुषभर उंच. पलीकडे रस्ता, रस्त्याकडेला लिंब, आणि लिंबाखाली सिदा मामा ढोलाचं कातडं उन्हाला तापवत बसलेला. मी अलीकडे पाटावर पंचा नेसून, नखशिखांत पिवळा. दुसऱ्या दिवशी गोरज मुहूर्तावर आमच्याच दारात माझं लग्न होतं. एकाहत्तर सालचा वैशाख होता तो.

"बँडवाले सिदराम कुठं राहत्यात?" जीपमधून कुणीतरी विचारलं.

"हितंच. मीच," मामा म्हणाला.

विचारणाऱ्याचा आवाज मी ओळखला. हणमंतराव शेंडगे. त्याचे चार ट्रक उसावर चालत, आणि चारही ट्रकांचा आवाज त्याच्या एकट्याच्या गळ्यात होता. त्याने सांगितलं ते असं, की उद्या दुपारी बोरजाईला त्याच्या मुलाचं लग्न, ठरवलेल्या शहरच्या बँडने ऐन वेळी टांग दिलेली, दाट तिथ असल्यामुळे चार तालुक्यांत बँड शिल्लक नाही. आता सिदरामनेच यायला हवं.

मी मनात म्हटलं, झालं. आता मामा भाव सांगणार.

इथे मामाची एक रीत सांगितली पाहिजे. बँडचं बोलावणं म्हणजे आमच्याकडे सुपारी. येणारा माणूस सुपारी आणि इसार हातावर ठेवतो, ती घेतली की शब्द गेला. आणि दारात आलेली सुपारी मामा कधी 'नाही' म्हणून परत पाठवत नसे. त्याच्या बापाने एकदा ताप आला म्हणून एक सुपारी परत केली होती, पुढे दोन वर्षं त्याच्या दारात कुणी फिरकलं नाही, आणि मामाचं लहानपण त्या दोन वर्षांत गेलं. 'नाही' हा शब्द मामाने तेव्हापासून तोंडातून काढून टाकला होता. जायचं नसेल तर तो हसून होकार द्यायचा आणि अव्वाच्या सव्वा भाव सांगायचा. समोरचा चहा पिऊन आपणहून उठून जायचा. त्याला वाटायचं, आपल्याला परवडलं नाही. कुणाचा अपमान नाही, कुणाचा राग नाही, आणि पुढच्या वर्षी तोच माणूस परत दारात. मामा म्हणायचा, नाही ऐकलं की माणूस तुटतो, भाव ऐकला की नुसता उठतो.

मोसमातला आमचा भाव होता सव्वाशे रुपये.

"येतो की," भिंतीपलीकडून मामाचा गोड आवाज आला. "न्हाई कुठं म्हणतोय. पर उद्याचं जरा जास्त पडंल, राव."

"किती?"

मामा थोडा थांबला. विचार करत असावा. मग म्हणाला, "एक हजार एक."

माझ्या पाठीवरचा मामीचा हात थांबला. मला हसू फुटलं. हजार एकात तेव्हा बैलजोडी येत होती. मी जीप सुरू व्हायची वाट बघू लागलो.

जीप सुरू झाली नाही. जीपमधून दुसराच एक आवाज आला, जाड आणि मिश्किल. "सोडा वो, शेंडगे. उगं कशाला जिवावर घेता? बोरजाईत आमचे हलगीवाले हायेत. वरातीला त्येच वाजवतील."

तो हणमंतरावाचा होणारा व्याही होता, बोरजाईचे आबासाहेब कोकरे. आणि मामाची चूक झाली ती एवढीच. भाव सांगताना जीपमध्ये कोण बसलंय ते त्याने बघितलं नाही. एकटा असता तर शेंडगे चहा पिऊन गेला असता. नव्या व्याह्यासमोर कुठला मुलाचा बाप 'परवडत नाही' म्हणेल?

"दिले," हणमंतराव म्हणाला, आणि सुपारी ढोलावर टाकली. कातडं चांगलं तापलेलं होतं. असं टणकन वाजलं की मी पाटावरून उठूनच उभा राहिलो.

मामा परसात आला तेव्हा त्याच्या एका मुठीत सुपारी होती आणि दुसऱ्या मुठीत इसाराच्या नोटा, आणि चेहरा असा, जणू कुणी त्यालाच हळद लावलीय.

"सांगा अजून अव्वाच्या सव्वा," मामी म्हणाली. "आता उद्या ह्याच्या जागी पाटावर कुणाला उभं करताय? ढोलाला?"

मामाने मुठी आणखी आवळल्या. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली.

त्याचं कारण आम्हा तिघांनाही माहीत होतं. आमच्या बँडमध्ये सात माणसं, पण गाणं वाजवणारा मी एकटा. क्लारनेट माझं. लोक त्याला पिपाणीच म्हणत. आधी ते मामा वाजवायचा, पण वर्षभरापूर्वी त्याचे समोरचे चार दात पडले, आणि दातांशिवाय क्लारनेट तोंडात धरता येत नाही. तेव्हापासून मामा ढोलावर आला. मी नाही गेलो तर उरत होता नुसता ढोल, ताशा आणि खुळखुळा. हजार एक रुपये घेऊन ढोल बडवून आलो असतो तर बँडचं नाव तिथेच पुरलं गेलं असतं.

आणि मी गेलो, तर?

माझ्या होणाऱ्या सासऱ्याने सुपारी फुटताना एकच अट घातली होती. म्हणाला होता, बाजेवाल्यांचं आयुष्य दुसऱ्याच्या मांडवात जातं, ते मला कळतं. पण माझ्या पोरीच्या मुहूर्ताला नवरा हजर पाहिजे. मुहूर्त टळला तर मी गाडी जुंपून पोर परत नेणार. कचेरीतला शिपाई तिला मागत होता, तो अजून बिनलग्नाचा आहे. हे तो हसत म्हणाला होता, पण डोळे हसत नव्हते.

मुलीचं नाव सगुणा. मी तिला दोनदा पाहिलं होतं. दुसऱ्या खेपेला तिने पाण्याचा तांब्या पुढे करताना हळूच विचारलं होतं, "पिपाणी फुगवून गाल दुखत न्हाईत का?" तोवर ते मला कुणी विचारलं नव्हतं. दोन महिने मी त्या प्रश्नावर जगत होतो.

मामा उकिडवा बसून जमिनीवर बोटाने रेघा ओढू लागला. त्यांचा मुहूर्त दुपारी बाराचा. दोनपर्यंत मोकळं व्हायचं, जेवणावर बसायचं नाही, त्यांचाच ट्रक सोडायला येणार. सात कोस म्हणजे तासा-सव्वातासाचा रस्ता. आपला मुहूर्त सूर्य बुडताना. बसतंय की, असं तो त्या रेघांनाच सांगत होता.

मामी म्हणाली, अंगाला हळद लागलेला नवरदेव वेशीबाहेर जात नसतो. मामा म्हणाला, ते खरंय. आणि त्याने रेघा तळव्याने पुसून टाकल्या.

मला मामाने चौथ्या वर्षी आणलं होतं, आई गेली तेव्हा. क्लारनेटवर माझी बोटं पुरत नव्हती तेव्हा माझ्या बोटांवर स्वतःची बोटं ठेवून त्याने मला पहिलं गाणं वाजवायला लावलं. मी म्हटलं, "मामी, कमरेला अडकित्ता बांध. लोखंड असलं की बाधत न्हाई. मी जाऊन येतो."

मामीने अडकित्ता बांधला. आणि लाल कोटाच्या आतल्या खिशात मुंडावळ्या घडी करून ठेवल्या. म्हणाली, "वाटेतच बांधाव्या लागल्या तर असू दे."

दुसऱ्या दिवशी बाराच्या आत आम्ही हणमंतरावाच्या मुलाला वाजतगाजत बोरजाईच्या मारुतीला आणून बसवलं. मुलाचं नाव मुरलीधर. रीतीप्रमाणे नवरदेवाने मारुतीला नमस्कार करायचा, मुलीकडच्यांनी दिलेला पोशाख चढवायचा आणि मांडवाकडे निघायचं. मुरलीधराने नमस्कार केला, पोशाख चढवला आणि खाली मान घालून पारावर बसला तो बसलाच.

नवरदेव रुसला होता. त्याला फटफटी पाहिजे होती.

आता रुसवाही रीतीचाच. दर लग्नात नवरदेव थोडा वेळ रुसतो, अंगठी नाहीतर घड्याळ कबूल झालं की उठतो. पण आबासाहेब अंगठीवर अडले आणि हा फटफटीवर. मध्ये हणमंतराव, मिशीवर हात फिरवत, पोराला एका शब्दाने 'ऊठ' न म्हणता. बाराचा मुहूर्त गेला. भटजींनी एकचा काढला. तोही गेला. दोनचा काढला आणि भटजी स्वतःच सावलीला जाऊन झोपले.

त्या भागात रुसव्याचा एक नियम होता. रुसलेला नवरदेव हसला की रुसवा मोडला. मग काही मागता येत नाही. त्यामुळे मुलीकडची पोरं पारासमोर येऊन दोन तास माकडचाळे करत होती. एकाने लुगडं नेसून लावणीचा ठेका धरला. एकाने गाढव ओरडून दाखवलं, तर खरं गाढव उत्तर द्यायला लागलं. मुरलीधराचे मित्र त्याच्याभोवती कोंडाळं करून बसलेले, त्याला कानात सांगत होते, फटफटी आठव, फटफटी.

आम्हाला मात्र थांबता येत नव्हतं. नवरदेव मारुतीपाशी असेपर्यंत बाजा चालू ठेवायचा. मी वाजवत होतो आणि पिंपळाची सावली बघत होतो. सावली आधी पायाशी होती, मग पाराच्या कडेला गेली, मग रस्त्यावर उतरली. मामा ढोलाकडे बघत ढोल वाजवत होता. एरवी तो लोकांकडे बघून वाजवायचा.

तीन वाजले असतील. पोरं दमून बसली, मित्र पाणी प्यायला गेले, आणि मी वाफ जाऊ द्यायला क्लारनेट तोंडातून काढलं. घामाने अंगावरची हळद सुटली होती. लाल कोटाच्या बाहीतून पिवळे ओघळ येऊन बोटांवरून खाली टपकत होते.

"ए पिपाणीवाल्या," मुरलीधर मान खाली घालूनच हळूच म्हणाला. त्याला माझे हातच दिसत होते. "कावीळ झालीया का तुला?"

"न्हाई जी. हळद हाय."

"कुणाच्या लग्नाची?"

"माज्याच."

"कवा झालं लगीन?"

"व्हायचंय. आज सांजंला."

त्याने मान वर केली. आधी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग कमरेच्या अडकित्त्याकडे.

"मग हितं काय करतोयस?"

"तुमचं लगीन लागायची वाट बघतोय."

त्याने खालचा ओठ दातांत धरला. मला त्याला हसवायचं नव्हतं, देवाशपथ. मला रडू येत होतं. त्याने विचारलं, नवरी कुठे आहे, आणि मी खरं ते सांगितलं, की बैलगाडीत बसून निघाली असेल, आणि मुहूर्त टळला तर तिचा बाप तिला परत नेऊन शिपायाला देणार आहे.

"कसला शिपाई?"

"तालुक्याच्या कचेरीतला. त्येला सायकल हाय."

बस. मुरलीधराच्या नाकातून आधी फुर्रकन आवाज आला, मग तो पोट धरून पारावर आडवा झाला. मुंडावळ्या कानावर, फेटा पिंपळाच्या मुळात, आणि हा हसतोय. "सायकल हाय म्हणं!" एवढंच तो परत परत म्हणत होता. मुलीकडच्या पोरांनी ते दात बघितले मात्र, "मोडला, मोडला" करत त्याला पारावरून उचलला आणि खांद्यावर घेऊन मांडवाकडे पळत सुटली. त्याचे मित्र पाण्याचे तांबे टाकून मागे धावले. भटजी धोतर सावरत निघाले. मामाने माझ्याकडे बघितलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा लोकांकडे बघून ढोलावर टिपरू मारलं.

लग्न लागायला साडेचार झाले. आमच्याकडे सूर्य बुडायला दोन-अडीच तास. मामा हणमंतरावापुढे जाऊन हात जोडून उभा राहिला आणि ट्रक मागितला.

हणमंतराव आधीच फटफटी गेल्याच्या घुश्शात होता. म्हणाला, "हजार एकाची सुपारी हाय, सिदराम. वरात वाजवल्याबिगर हलायचं न्हाई. वरात निघंल आठला."

मामाने खाली बघितलं. शब्द दिलेला होता. वरात सुपारीतच येते, हे बाजेवाल्याला कुणी सांगावं लागत नाही. त्याने ढोलाचा पट्टा परत गळ्यात घातला. मी त्याच्या शेजारी उभा होतो.

तेवढ्यात जाड मिश्किल आवाज आला. "व्याहीबुवा, वरातीला आमचे हलगीवाले हायेत. कालच सांगितलं की म्या तुम्हाला."

आबासाहेब कोकरे उपरण्याने तोंड पुसत उभे होते. पारावरची गोष्ट तोवर गावभर झाली होती. त्यांचं तोंड हसून हसून लाल झालेलं. हणमंतराव म्हणाला, हजार एक रुपये मी दिलेत. आबासाहेब म्हणाले, "तुम्ही दिलेत, आणि माझी फटफटी वाचलीय. लई स्वस्तात पडलं बघा मला." मग मागून नवा नवरदेव बापाला म्हणाला, "दादा, जाऊ द्या त्येला. त्याचा शिपाई सायकल जुंपून बसला असंल." आणि तो परत हसायला लागला. ते हसू बघून हणमंतरावाच्याही मिशा हलल्या. त्याने हात झटकला. जा म्हणाला.

ट्रकचा ड्रायव्हर पंगतीला बसला होता. आबासाहेबांनी स्वतःची जीप दिली, पाटीभर बुंदीचे लाडू दिले, आणि ढोल टपावर बांधायला स्वतः दोर धरून दिला. सात माणसं, सात वाद्यं आणि लाडू. मी पुढे बसलो होतो आणि माझ्या मांडीवर ताशेवाला बसला होता.

जीप पळाली. पण माण नदीच्या कोरड्या पात्रात ती वाळूत रुतली, आणि ती ढकलून काढण्यात अर्धा तास गेला. पलीकडच्या काठावर आलो तेव्हा सूर्य ताडाएवढाच वर होता. गावाचा लिंब दिसायला लागला, आणि समोर धूळ.

गुरं परतत होती. आमच्याच गावची, शे-दीडशे, रस्ताभर पसरून, आपल्या चालीने. गुरं घरी परततात ती वेळ म्हणजे गोरज, आमचा मुहूर्त. तो मुहूर्तच आमच्या पुढे पुढे चालत होता आणि आम्हाला वाट देत नव्हता. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. एका म्हशीने मागे वळून बघितलं आणि ती थांबली.

"उतर," मामा म्हणाला. "आणि फुंक."

मी उतरलो. खिशातून मुंडावळ्या काढल्या, मामाने त्या माझ्या टोपीवरून बांधल्या. ओठ सुजलेले होते, तरी क्लारनेट लावलं आणि गुरांच्या मागून चालत वाजवायला लागलो. मागे ताशा लागला. ढोल टपावर बांधलेला, तर मामाने टपावर चढून तिथूनच सुरुवात केली.

तिकडे दारात काय झालं ते सगुणाने मला पुढे कितीतरी वेळा सांगितलं. तिच्या बापाने एक बैल जुंपला होता. दुसऱ्या बैलाचं दावं सोडून हातात धरलं होतं. मामी त्याच्यापुढे पदर पसरून उभी होती. आणि वेशीकडून आधी धूळ आली, मग गुरांच्या घंटा, आणि घंटांच्या आतून पिपाणी. सगुणा बापाला म्हणाली, "दादा, बैल सोडा. गाल दुखत असतील त्यांचे."

मी दारात आलो तो लाल कोट, पिवळे हात आणि धुळीने पांढरा. सासऱ्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं, पश्चिमेकडे बघितलं. सूर्याची एक कोर शिल्लक होती. तो म्हणाला, "हुभं ऱ्हावा पाटावर. बघताय काय?"

अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं. शेवटची मंगलाष्टका संपली की बाजा वाजला पाहिजे, आणि गाणं वाजवणारा तर अंतरपाटामागे उभा. मी क्लारनेट मामीकडे दिलेलं. ते मामाने तिच्या हातातून घेतलं.

अक्षता पडल्या आणि मामाने फुंकलं. चार दात नाहीत. निम्मी हवा बाजूने जात होती, सूर शिट्टीसारखे फुसफुसत होते, एक लागत होता आणि दोन निसटत होते. लोक हसायला लागले. पोरंटोरं खिदळली. मामाचे डोळे मिटलेले, गाल ताणून टम्म, आणि त्या फुसफुशीतून मी गाणं ओळखलं. माझ्या बोटांवर बोटं ठेवून त्याने शिकवलेलं पहिलं गाणं होतं ते. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, नवरदेव लाजला.

मग सगळ्यांनी सगुणाला नाव घ्यायला लावलं. नव्या नवरीने लाजत लाजत काहीतरी महादेवाच्या पिंडीचं घ्यावं, अशी बायकांची अपेक्षा. तिने एकदा मामाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"दुसऱ्याच्या दारी बाजा वाजला, भाव घेतला बळकट,
हजार एकाचे यशवंतराव मला मिळाले फुकट."

मांडव कोसळायचा बाकी राहिला. जीपच्या ड्रायव्हरने लाडूची पाटी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. पुढे दहा वर्षं त्या भागात लोक मला 'हजार एक' म्हणूनच हाक मारत.

त्या पैशांतून मामाने तालुक्याला जाऊन दात बसवले. पुढच्या मोसमात आम्ही दोघं दोन क्लारनेटं वाजवू लागलो. दात बसवून परत येताना एस.टी.च्या थांब्यावर मी त्याची थट्टा केली होती. म्हटलं, "मामा, शेंडग्याला घालवायचाच व्हता तर पाच हजार सांगायचे की. धा हजार सांगायचे. संगं व्याही असू दे न्हाईतर व्याह्याचा बाप, पळूनच गेला असता."

मामा नव्या दातांवर जीभ फिरवत माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी परक्या मुलखातलं बोलतोय, असं.

"म्या हजाराच्या म्होरं कवा गेलोच न्हाई, येसू," तो म्हणाला. "मला येतो तो सगळ्यात मोठा आकडा त्योच. त्याच्यावर आणि एक ठेवला, कमी पडू नये म्हणून."

मी तेव्हा खूप हसलो होतो. मामाही हसला, नवे दात दाखवून.

मामाला जाऊन वीस वर्षं झाली. मी अक्षरं शिकलो ती त्यानंतर, साठी उलटल्यावर, शाळेच्या व्हरांड्यात म्हाताऱ्यांचा वर्ग भरतो तिथे. सगुणाही येते, बायकांच्या रांगेत बसते आणि माझ्या आधी वाचून दाखवते. परवा बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'अव्वाच्या सव्वा'. म्हणाल्या, अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा. रामा कोळी म्हणाला, फार जास्त किंमत, कांद्याचे भाव अव्वाच्या सव्वा वाढले. धुरपदाबाई म्हणाल्या, डॉक्टरने अव्वाच्या सव्वा घेतले. बाईंनी दोघांना बरोबर म्हटलं.

मी पाटी पुढे ओढली. आदल्या महिन्यात आम्ही लाख, दहा लाख आणि कोटी शिकलो होतो. मी एक काढला आणि त्याच्यापुढे शून्यं काढत गेलो. पाटीची कड आली तशी थांबलो, आणि शेवटी, जागा नव्हती तरी, एका शून्याच्या पोटात बारीक एक लिहिला.

बाई म्हणाल्या, "आजोबा, हे काय? वाक्य कुठं आहे?"

मी सांगितलं, "माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझ्या मामाला हा आकडा येत असता, तर त्यानं हाच सांगितला असता."

बाईंना काही कळलं नाही. पण बायकांच्या रांगेतून सगुणा उठली, चष्मा नाकावर ढकलत माझ्या पाटीशी आली, आणि शून्यं बोटाने एकेक मोजत शेवटापर्यंत गेली.

"अगं बाई," ती म्हणाली. "आणि एवढं सगळं मला फुकट."